घरपोच आलेली डबी आणि मागची बारीक अक्षरे

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नसराई ऐन भरात होती. सिन्नरकडच्या एका परिचित कुटुंबातील मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. वय तेवीस, लग्न दीड महिन्यावर. तक्रार एवढीच, की संध्याकाळी पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. आई म्हणाली, "डॉक्टर, बस्त्यासाठी रोज मेन रोडला पायपीट चाललीय. त्यानंच असेल." मलाही ते पटले. रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. मीठ कमी कर, झोपताना पायाखाली उशी घे, हिमोग्लोबिन तपासून घे, असे सांगून मी तिला घरी पाठवले.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. आता सूज पायांवरच नव्हती, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवतीही येत होती. लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो, असे तिने चाचरत सांगितले. मी लगेच लघवी तपासायला पाठवली. लघवीतून प्रथिने भरपूर जात होती. ही मूत्रपिंडाच्या आजाराची खूण. त्याच दिवशी तिला मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

त्या तज्ज्ञांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारले, "बाळ, चेहऱ्याला काय लावतेस?" मुलीने पर्समधून एक डबी काढली. सोनेरी झाकण, वर हसऱ्या गोऱ्या मुलीचे चित्र. बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, घटकांची यादी नाही. मैत्रिणीच्या ओळखीतून मोबाइलवरच्या एका ग्रुपवर मागवली होती. पैसे मोबाइलवरूनच दिले, पार्सल घरपोच आले, बिल कधी आलेच नाही. तिच्या रक्तातील पारा तपासला, तो बराच वाढलेला निघाला.

या मुलीला ती पहिलीत होती तेव्हापासून मी ओळखतो. तिचा गोवर, तिचा टायफॉइड, सारे माझ्यासमोर झाले. पण "चेहऱ्याला काय लावतेस?" हा साधा प्रश्न मला सुचला नाही. ते दहा दिवस वाया गेले, आणि त्या दहाही रात्री ती डबी चेहऱ्याला लागतच होती. म्हणून हा लेख वाचकांसाठी आहे, तसा माझ्यासारख्या डॉक्टरांसाठीही आहे.

अकोल्याचे उदाहरण

ही एकट्या एका मुलीची गोष्ट असती तर ती मी वर्तमानपत्रात लिहिली नसती. अनेक वाचकांना २०२३ साली आलेली अकोल्याची बातमी आठवत असेल. तेथे जैवतंत्रज्ञान शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि मोठी बहीण या तिघींनाही काही महिन्यांच्या अंतराने मूत्रपिंडाचा एकाच प्रकारचा विकार झाला. एकाच घरात तीन जणींना असा आजार होणे डॉक्टरांना खटकले. शोध घेता घेता धागा एका क्रीमपर्यंत पोहोचला. स्थानिक सौंदर्यतज्ज्ञ बाईकडून घेतलेले ते क्रीम तिघीही वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्यात पारा सापडला. बातम्यांनुसार त्या तरुणीच्या रक्तातील पाऱ्याचे प्रमाण ४६ होते. ते सातच्या आत असावे लागते.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असेच रुग्ण आढळले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांमध्ये या आजाराचा एक विशिष्ट, एरवी कमी दिसणारा प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा गोरी करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. पुढे केरळच्या औषध नियंत्रण खात्याने 'ऑपरेशन सौंदर्य' या नावाने तपासणी मोहीमच हाती घेतली.

अकोल्याचे क्रीम ओळखीच्या बाईकडून घेतलेले होते, पार्सलने आलेले नव्हते. मग ऑनलाइन खरेदीशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की दोन्हीकडे चूक एकच आहे. माणसावर विश्वास ठेवला आणि डबीची मागची बाजू वाचली नाही. पूर्वी अशी डबी एका गावात पाच-पंचवीस बायकांपर्यंत जात असे. आता मोबाइलमुळे तीच डबी आठवड्याभरात निफाडलाही पोहोचते आणि नंदुरबारलाही.

पारा चेहऱ्यावर कशाला?

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य तयार होताना शरीरातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. पाऱ्याचे क्षार या विकराला अडवतात. मेलॅनिन कमी तयार होते आणि काही दिवसांत चेहरा उजळ दिसू लागतो. पारा स्वस्त, परिणाम झटपट, आणि ग्राहक खूश. फसवणाऱ्याला आणखी काय हवे?

परंतु पारा कातडीवरच थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साचतो. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी बारीक चाळण. या चाळणीला इजा झाली की रक्तातील प्रथिने लघवीतून गळू लागतात. मग लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज येते. काहींना हात थरथरणे, झोप न लागणे, चिडचिड होणे, विसरभोळेपणा असेही त्रास होतात, कारण पारा मज्जासंस्थेवरही परिणाम करतो. गर्भवती स्त्रीच्या शरीरातील पारा पोटातील बाळापर्यंत पोहोचतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रीम लावते एक जण, पण त्याचा अंश टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला आणि हातांना लागतो. आईच्या गालाला गाल लावणाऱ्या लहान मुलाच्या अंगातही पारा जाऊ शकतो. म्हणून "मी माझ्या चेहऱ्याला लावते, कोणाचे काय जाते?" हे म्हणणे येथे लागू पडत नाही.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालण्यास कायद्याने मनाई आहे. नकळत आलेला अंशही क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० भागांची आहे. पाऱ्यासंबंधी मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेने हजारो माणसांची वाताहत झाली, त्यावरून हे नाव पडले. भारतही या करारात सामील आहे. करारातील देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवले, की पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने २०२५ नंतर बनवू नयेत आणि त्यांची आयात-निर्यातही करू नये. कायदा असा कडक आहे. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नावच नाही, त्या डबीपर्यंत कायदा पोहोचायचा कसा?

दुसरा चोर : स्टेरॉइड

पाऱ्याइतकाच किंवा त्याहून अधिक आढळणारा दुसरा चोर म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावे तुम्ही ट्यूबवर पाहिली असतील. ही औषधे वाईट नाहीत. योग्य आजारात, योग्य जागी, ठरावीक दिवस लावली तर गुणकारी आहेत. पण गोरेपणासाठी चेहऱ्याला महिनोन्महिने चोळली तर कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरुम उठतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि उन्हात जाताच आग होते. लावणे थांबवले की चेहरा जास्तच भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. हे व्यसनासारखे चक्र आहे.

देशातील १२ केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, असे त्यात दिसून आले. त्यानंतर २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही कोणी ही मलमे दुसऱ्या क्रीममध्ये कालवून, नवीन डबीत भरून 'खास घरगुती फॉर्म्युला' म्हणून विकतोच. 'आयुर्वेदिक', 'हर्बल', 'केमिकलमुक्त' हे शब्द छापायला शाईखेरीज काही लागत नाही.

मी ऑनलाइन खरेदीच्या विरुद्ध नाही

येथे एक खुलासा केला पाहिजे. माझ्या पिढीला मोबाइलवरची खरेदी म्हणजे सगळी फसवणूक असे वाटते. तसे नाही. माझी सूनबाई पावडरपासून सनस्क्रीनपर्यंत सारे मोबाइलवर मागवते, आणि नीट पाहून मागवते. पेठ-सुरगाण्याच्या मुलीला तिच्या रंगाला शोभणारी वस्तू गावातल्या दुकानात मिळत नसेल, तर तिने ती मागवू नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि दुकानात तरी सारे सोन्यासारखे असते असे नाही. गर्दीच्या बाजारात नामांकित कंपनीची हुबेहूब नक्कल निम्म्या किमतीत मिळते, हे नाशिककरांना नवे नाही.

मात्र दोन्हींत एक फरक आहे. दुकानात डबी हातात घेता येते, उलटी करून वाचता येते, आणि काही बिनसले तर त्या दुकानदाराच्या दारात उभे राहता येते. मोबाइलवर फक्त डबीची पुढची बाजू दिसते. आपल्याला वाचायची असते ती मागची.

ऑनलाइन विक्रेत्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार मानता येतील.

पहिला प्रकार म्हणजे कंपनीची स्वतःची अधिकृत वेबसाइट किंवा अॅप. येथे धोका सर्वांत कमी. फक्त वेबसाइटच्या नावातील अक्षरे नीट पाहावीत. एखादे अक्षर इकडेतिकडे करून बनावट वेबसाइट उभी केलेली असते.

दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा. बाजारपेठेचे नाव मोठे असले तरी माल विकणारा बहुधा तिसराच कोणी असतो. आपल्या आठवडी बाजारात जागा नगरपालिकेची आणि गाळा ज्याचा त्याचा, तसेच हे. अशाच दोन बड्या बाजारपेठांना देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१८ साली बनावट आणि परवानगी नसलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीबद्दल नोटिसा दिल्या होत्या. म्हणून वस्तूच्या चित्राखाली 'विक्रेता कोण' हे लिहिलेले असते ते जरूर वाचावे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला कळलाच पाहिजे. कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर तीशी नाव ताडून पाहावे.

तिसरा प्रकार म्हणजे मोबाइलवरचे ग्रुप आणि समाजमाध्यमांवरची खाती. बिल नाही, पत्ता नाही, पैसे थेट कोणाच्या तरी नंबरवर. त्वचेला लावायची वस्तू या मार्गाने घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विकणारी ताई तुमच्या ओळखीची असेल, मनाने चांगलीही असेल. पण तिला तरी त्या डबीत काय आहे हे कुठे ठाऊक असते? अनेकदा ती स्वतःही तेच लावत असते.

पार्सल उघडल्यावर काय पाहावे?

ऑर्डर देण्यापूर्वी डबीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र दिलेले आहे का ते पाहा. किमतीचाही विचार करा. एरवी हजार रुपयांना मिळणारी वस्तू कोणी अडीचशेला देत असेल, तर तो दानधर्म करीत नाही हे उघड आहे. "पाच तारे" देणाऱ्या शंभर अभिप्रायांपेक्षा कमी तारे देणारे दहा अभिप्राय आधी वाचा. वास वेगळा, रंग वेगळा, सील तुटलेले, अशा तक्रारी तेथेच सापडतात.

पार्सल आल्यावर ते उघडतानाचे मोबाइलवर चित्रण करून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. मग चष्मा लावा आणि डबी उलटी करा. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार वेष्टनावर पुढील गोष्टी असाव्या लागतात.

१) वस्तूचे नाव, आणि बनवणाऱ्याचे नाव व पत्ता.
२) निर्मितीच्या परवान्याचा क्रमांक. इंग्रजी 'एम' या अक्षरापुढे किंवा 'लायसेन्स' या शब्दापुढे तो छापलेला असतो.
३) बॅच क्रमांक.
४) कधीपर्यंत वापरावे ती तारीख.
५) घटकांची यादी.
६) वस्तू परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता आणि भारतातील नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक.

अगदी लहान आकाराच्या वस्तूंना यांपैकी काही बाबतींत सूट आहे. छोट्या डबीवर घटकांची यादी नसेल तर एवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. पण बनवणाऱ्याचा ठावठिकाणाच नसेल, तर ती डबी आकाराने कितीही लहान असो, घरात ठेवू नये. 'परदेशी माल' म्हणून आलेल्या डबीवर केवळ न कळणारी लिपी आहे आणि आयातदाराचा पत्ता नाही, तर ती परदेशी असल्याचा पुरावा कोणता? चित्र आणि अक्षरे कोठेही छापता येतात.

घटकांच्या यादीत 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक', 'मर्क्युरस' किंवा 'कॅलोमेल' असे शब्द दिसले तर ती वस्तू सरळ बाजूला ठेवा. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना क्रीमवर असेल तर तीही संशयाची खूण आहे, कारण पारा या धातूंना धरतो. मात्र बहुतेक पाराबाज हे शब्द छापण्याचा प्रामाणिकपणा दाखवत नाहीत, हेही विसरू नका.

बऱ्याच डब्यांवर उघड्या झाकणाच्या बरणीचे छोटे चित्र असते आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा. उघडल्यानंतर तितक्या महिन्यांत ती वस्तू संपवावी किंवा टाकावी, असा त्याचा अर्थ. डोळ्यांच्या वस्तूंबाबत जास्त काटेकोर असावे. मस्कारा तीन महिन्यांनंतर टाकून द्यावा, आणि काजळाची कांडी आईने, मुलीने आणि पाहुण्या मावशीने मिळून वापरू नये. डोळे येण्याची साथ घरातल्या घरात अशीच फिरते.

कानामागची चाचणी : तिचा उपयोग आणि तिची मर्यादा

नवे क्रीम थेट चेहऱ्याला न लावता कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. खाज, लाली, पुरळ आले नाही तरच चेहऱ्याला लावावे. केसांच्या कलपाची चाचणी ४८ तास आधी कानामागे करावी. कलपात आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पेस्टमध्ये पीपीडी नावाचे रसायन असू शकते. त्याची अॅलर्जी असेल तर डोळे मिटण्याइतका चेहरा सुजतो. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस येतो आणि चढायला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळीकुट्ट होणारी मेंदी ही मेंदी नव्हेच.

पण ही चाचणी फक्त अॅलर्जी दाखवते, पारा दाखवत नाही. किंबहुना पाराच्या आणि स्टेरॉइडच्या क्रीमचे पहिले काही आठवडे फार छान जातात. डाग जातात, चेहरा तुकतुकीत दिसतो, मैत्रिणी विचारू लागतात. "मला तर काहीच त्रास झाला नाही, उलट फरक पडला," हे वाक्य मी नेमके अशाच रुग्णांकडून ऐकतो. आठवड्याभरात गोरे करणारी वस्तू जितकी गुणकारी वाटेल, तितका तिचा संशय जास्त घ्यावा.

अशी डबी वापरली असेल तर

घाबरू नका, पण आज रात्रीपासून थांबवा. पाऱ्याचा संशय असेल तर डबी झाकण लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. जाळू नका, कोणाला देऊ नका, आणि लगेच फेकूही नका, कारण तपासणीला तीच लागते. हात, टॉवेल, अभ्रे धुऊन घ्या. पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, अचानक वाढलेले वजन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा आणि ती डबी बरोबर न्या. लघवीतील प्रथिनांची तपासणी अगदी साधी आहे, कोणत्याही प्रयोगशाळेत होते. सूज नसली तरी असे क्रीम काही महिने लावले असेल तर ही तपासणी एकदा करून घ्यावी. वेळीच क्रीम थांबवले तर पुष्कळ रुग्णांची मूत्रपिंडे सावरतात. उशीर झाला तर मात्र औषधांचा फेरा लांबतो.

स्टेरॉइडची सवय लागली असेल तर थांबवल्यावर चेहरा काही काळ भडकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते सोडवावे. आणि डॉक्टर "काय काय औषधे चालू आहेत?" असे विचारतील तेव्हा क्रीम, कलप, लेप हेही सांगावे. आपण गोळ्यांची नावे सांगतो आणि डबी पर्समध्येच राहते.

तक्रार कोठे करावी? बनावट किंवा बिनपत्त्याचे सौंदर्यप्रसाधन आढळल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. त्यांचे विभागीय कार्यालय नाशिकमध्ये आहे आणि निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ असा आहे. पैसे परत मिळण्यासंबंधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असा नियम आहे. त्यासाठी बिल, वेष्टन आणि चित्रण जपून ठेवा. आपण गप्प राहिलो तर तीच डबी दुसऱ्या कोणाच्या लेकीकडे जाते.

दोष केवळ मुलींचा नव्हे

असे रुग्ण आले की नातेवाईक मुलीलाच बोलतात. "कोणी सांगितलं होतं हे थापायला?" खरे तर आपण सगळ्यांनीच सांगितलेले असते. स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' आपण लिहितो. बारशाला गेल्यावर पाळण्यात डोकावून पहिली चौकशी रंगाची आपण करतो. सावळ्या सुनेचे वर्णन करताना "पण नाकीडोळी नीटस आहे" असे म्हणतो, तेव्हा त्या 'पण'मध्ये सगळे येते. २०२० साली एका मोठ्या कंपनीने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला, पण आपल्या बोलण्यातून तो गेलेला नाही. ज्या नाशकात आपण काळारामापुढे हात जोडतो, त्या नाशकात मुलीला सावळेपणाची लाज वाटावी, याचा विचार आपणच करायला हवा.

त्या सिन्नरच्या मुलीचे लग्न दिवाळीनंतरवर ढकलावे लागले. सासरच्यांना काय सांगायचे, या चिंतेने आई महिनाभर झोपली नाही. शेवटी तिच्या वडिलांनी सारे खरे सांगून टाकले. मुलाने उत्तर दिले, "तिला बरं वाटू द्या, तारीख काय, पुढचीही मिळेल." क्रीम थांबवल्यानंतर हळूहळू सूज उतरली. चार-साडेचार महिन्यांनी लघवीतील प्रथिने जवळपास नाहीशी झाली. तुळशीच्या लग्नानंतर तिचेही लग्न लागले. मी गेलो होतो. पाया पडायला वाकली तेव्हा मी सवयीने आधी तिच्या घोट्यांकडे पाहिले. सूज नव्हती.

आता माझ्या टेबलावर एक भिंग ठेवलेले असते. कोणी डबी आणली, की आम्ही दोघे मिळून मागची बारीक अक्षरे वाचतो. वाचकांनीही आज एवढेच करावे. हा लेख संपला, की घरातील आरशापुढच्या सगळ्या डब्या एकदा उलट्या करून पाहाव्यात. जिच्यामागे बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती उद्या सकाळी चेहऱ्याला लागू नये.